मधमाशीचा डंख : ॲलर्जीची गोळी का पुरत नाही?

बीड जिल्ह्यात विहिरीच्या कपारीत, वडा-पिंपळाच्या फांदीला आग्या मोहोळ लागलेलं दिसतं. माशी चावली की बहुतेकांना आग होते, सूज येते आणि ती ओसरते. काहींना मात्र काही मिनिटांतच अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, धाप लागते, भोवळ येते. या जीवघेण्या ॲलर्जीला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

असं का होतं?

आधीच्या डंखानंतर अशा व्यक्तीच्या शरीरात विषाविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुन्हा डंख झाला की विष त्यांना जोडलं जातं आणि मास्ट पेशी रसायनं सोडतात.

कोणती रसायनं?

- हिस्टामाइन : पेशीत आधीच भरलेलं असतं, म्हणून सर्वांत आधी बाहेर पडतं. केशवाहिन्या पाझरू लागतात. खाज, गांधी, सूज येते.
- ट्रिप्टेज : हेही साठवलेलं असतं. रक्तात ते वाढलेलं आढळलं तर निदानाला मदत होते.
- ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन डी२ : काही मिनिटांत नव्याने तयार होतात आणि श्वासनलिका आवळतात.
- पीएएफ : रक्तदाब पाडण्यात याचा मोठा वाटा असतो.

मग गोळीने काय होतं?

सेट्रिझिनसारखी गोळी फक्त हिस्टामाइनला अडवते, तीही हळूहळू. खाज कमी होते. पण बंद होणारा श्वास आणि पडणारा रक्तदाब ती सावरू शकत नाही. ते काम ॲड्रेनालिनचं. हे इंजेक्शन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींतून आणखी रसायनं सुटणंही कमी करतं. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅमचा डोस मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात.

तुम्ही काय कराल?

- पुन्हा डंख होऊ नये म्हणून आधी मोहोळापासून दूर जा. त्वचेत रुतलेला काटा लगेच काढा.
- १०८ ला फोन करा.
- रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसवा. पण उभं करू नका, चालवू नका.
- अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय लांब असेल, तर वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र टाळून पुढे जाऊ नका. पहिलं इंजेक्शन तिथेही देता येतं.
- बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली राहा. लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

एकदा असा त्रास झालेल्या व्यक्तीने पुढच्या डंखाची वाट न पाहता ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.