वाळू गेली, पाणी गेलं

माण नदी वर्षातले आठ महिने वरून कोरडीच असायची. पण तिला कोरडी नदी म्हणायचं धाडस आमच्याकडं कुणी केलं नसतं. पात्रात पुरुषभर वाळू होती आणि पाणी त्या वाळूच्या पोटात होतं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ही नदी उगवते आणि म्हसवड, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा असा दुष्काळी मुलूख तुडवत भीमेला मिळते. १९७२च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा बायका पात्रात हातानं वाळू उकरून झिरा करायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. रात्री झिऱ्यावर नंबर धरून बसायचं काम आम्हा पोरांकडं असे.

घरं दगडमातीची, माळवदाची होती तोवर वाळूला गिऱ्हाईक नव्हतं. कुणी गाढवावरनं, फार तर बैलगाडीनं गरजेपुरती न्यायचा. पूर आला की तो खड्डा आपोआप बुजायचा. मग स्लॅबची घरं आली, शहरं वाढली. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, त्यामागून डंपर, आणि खोऱ्याच्या जागी जेसीबी. नदीनं पिढ्यान् पिढ्या आणून टाकलेलं एका पिढीच्या देखत उचललं गेलं.

यात पाणी कसं गेलं, त्याचा हिशोब सोपा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण तिसरा हिस्सा धरली, तरी एका ब्रासमध्ये नऊशे लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे साडेचार बॅरल. वाळू एकदाच विकली जाते, पण ही साडेचार बॅरलची जागा दर पुराला भरत होती आणि काठच्या विहिरींना हळूहळू पाणी देत होती. वाळू गेल्यावर पुराचं पाणी थांबत नाही, दोन दिवसांत निघून जातं. पात्र खोल गेलं की विहिरीचं पाणी उलट नदीकडं ओढलं जातं. उघड्या खड्ड्यात साचतं ते उन्हानं उडून जातं. बोअर वाढले, डाळिंब वाढलं, हेही खरंच. पण उपसा वाढत असताना साठवणच काढून नेली, हे त्याहून वाईट झालं.

सरकारी कागदात वाळू ‘गौण खनिज’ आहे. पाच हेक्टरच्या आतल्या खाणीला पर्यावरणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून देशभर लहान लहान तुकडे करून पट्टे दिले जात. २७ फेब्रुवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लहान पट्ट्यालाही परवानगी हवीच. ऑगस्ट २०१३मध्ये हरित न्यायाधिकरणानं विनापरवाना उपशावर बंदी घातली. २०२३ला राज्यानं डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं. कायदे दिवसा होत गेले, डंपर रात्री चालत राहिले. अडवायला गेलेल्या तलाठ्यांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

आज आमच्या शिवारात पात्रात वेडी बाभळ माजलीय. पुलाच्या खांबांचे पाय उघडे पडलेत. नातवाला झिरा दाखवावा म्हटलं, तर खाली मुरूम लागतो.

अजूनही वळणावळणाला थोडी वाळू शिल्लक आहे. ग्रामसभेत लिलावाचा विषय निघाला, की महसूल किती मिळणार हे सगळे विचारतात. त्याच बैठकीत दुसरंही विचारावं: दर ब्रासमागं ही साडेचार बॅरल पाणी उद्या कुठून आणायचं?