टोपीचें रिव्हॉल्वर : अस्सल, नक्कल व बनावट

अस्सल कागद व नक्कल यांचा भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. टोपीच्या रिव्हॉल्वरांतही तोच प्रश्न उभा राहिला आहे. कोल्टचें १८५१ चें 'नेव्ही' रिव्हॉल्वर कांहीं वर्षें लंडनासही होत असे, व १८५७ च्या धामधुमींत तें इंग्रज अंमलदारांच्या कमरेस होतें. त्याच्या नकला इटलींत ब्रेशानजीक गार्दोने येथें १९५८ च्या सुमारास होऊं लागल्या. अमेरिकेंतील यादवी युद्धाची शताब्दी जवळ आल्यानें गिऱ्हाईकही मिळालें.

नक्कल टाकाऊ नव्हे. अस्सल नगांत दारू ठासून तो उडविणें म्हणजे जुनी सनद पाण्यांत भिजवून पाहणें होय. नक्कल उडविणारांस मात्र कळतें कीं, काळ्या दारूची काजळी फिरत्या नळकांड्यास किती लवकर धरते, फुटल्या टोपीची कपची अडकून यंत्र कसें थांबतें, आणि एका घरांतील आग शेजारच्या घरास लागूं नये म्हणून गोळीवर चरबी कां फासावी.

घात पुढें होतो. इटालियन नगावर परीक्षेचा शिक्का व चौकटींत सालाची खूण असते. १९६४ ची खूण रोमन आंकड्यांत वीस. ती कानशीनें घासून, लोखंडास आम्लानें गंज चढवून, नग शतकापूर्वींचा म्हणून विकणारे आहेत. नळकांड्यावरील काम्पेचेच्या आरमारी लढाईचें चित्र नकलेवरही असतें; त्यावर भिस्त ठेवूं नये. आम्ही प्रथम नळीची खालची बाजू उजेडांत आडवी धरून पाहतों : घासलेली जागा किंचित् खोलगट दिसते.