खच्ची, रेतन आणि नसबंदी : बारामती-इंदापूरच्या शब्दव्यवहारातील एक प्रकरण

पुरुषाच्या जननसंस्थेविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती शरीराची नव्हे, शब्दांची. एकाच अवयवाला गोठ्यात एक नाव आहे, संस्कृत ग्रंथात दुसरे आणि पाठ्यपुस्तकात तिसरे. ही तिन्ही नावे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या प्रयोजनाने भाषेत आली. प्रस्तुत लेखात बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या परिसराकडे पाहून ह्या थरांचा विचार करावयाचा आहे. कऱ्हेच्या काठी अठराव्या शतकात मोरोपंतांची संस्कृतप्रचुर आर्या घडली, आणि त्याच मुलखात धनगरांचे कळप व शेतकऱ्यांची खिल्लारे नांदली. विद्वानाची भाषा व गोठ्याची भाषा येथे शेजारी शेजारी वाढल्या.

गोठ्यातील शब्द प्रथम घेऊ. 'आंड' हा संस्कृत 'अण्ड' ह्याचा सरळ वंशज असून 'अंडे' हे त्याचेच भावंड होय. ज्याचे आंड शाबूत आहेत तो 'आंडील'. पैदाशीसाठी राखलेला तो 'वळू'. औताला जुंपावयाचा बैल मात्र 'बडविला' किंवा 'ठेचला' जाई. ही क्रियापदे जुन्या रीतीचे शब्दशः वर्णन करतात : कातडी न कापता वृषणाकडे जाणारी दोरी बाहेरून ठेचून निकामी करणे. पुढे पशुवैद्यकाचा बर्डिझो चिमटा आला, तरी तत्त्व तेच राहिले. ह्या क्रियेसाठी रूढ असलेला 'खच्ची' हा शब्द मात्र परका आहे. तो अरबी 'खसी' ह्यापासून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा अर्थविस्तार लक्षणीय आहे. आज आपण 'मानसिक खच्चीकरण' म्हणतो तेव्हा बैलाची आठवणही होत नाही. पण आंड गेले की हिंमत गेली हे गोठ्यातील निरीक्षण त्या शब्दात शिल्लक आहे.

दुसरा थर ग्रंथांतला. 'वृषण' आणि 'वृषभ' ह्या दोहोंच्या मुळाशी वर्षाव करणे ह्या अर्थाचा 'वृष्' धातू आहे. म्हणजे पंडितांचा शब्दही बैलापासून फार दूर नाही. 'रेतस्' हे वाहणारे, 'शुक्र' हे शुभ्र व तेजस्वी. आयुर्वेदाने शुक्राला सातवा धातू मानले आणि चरकसंहितेने शुक्रवह स्रोतसांचे मूळ वृषण व शिश्न येथे सांगितले. परंतु त्याच संहितेच्या वाजीकरणप्रकरणात शुक्र हे सर्व देहात व्यापून असते, जसा उसात रस, दह्यात तूप व तिळात तेल, असा दृष्टान्त आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्या भागात ऊस उभा राहिला, तेथील वाचकाला तो सहज पटावा. पण त्यातून निघणारा निष्कर्ष घातक आहे : रस काढला की चिपाड उरते. त्यातच 'वीर्य' ह्या एका शब्दात द्रव आणि पराक्रम असे दोन्ही अर्थ सामावल्यामुळे द्रवाचा व्यय म्हणजे पौरुषाचा क्षय, ही समजूत भाषेनेच दृढ केली.

शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले म्हणजे ह्या समजुतीतील चूक कळते. वृषणाची कार्ये दोन आहेत. त्यातील सूक्ष्म नलिकांत शुक्राणू तयार होतात. त्यास सुमारे अडीच महिने लागतात. हे कार्य शरीराच्या तापमानाहून दोन-तीन अंश कमी तापमानात नीट चालते, म्हणून वृषण उदराबाहेर वृषणकोशात असतात. दुसरे कार्य टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करण्याचे. दाढी, आवाज, स्नायूंचे बळ व कामेच्छा ह्यांचा संबंध त्याच्याशी असून ते वाहिनीतून नव्हे, थेट रक्तात मिसळते. शुक्राणू अधिवृषणात परिपक्व होऊन शुक्रवाहिनीतून वर जातात. शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी ह्यांचे स्राव त्यांत मिसळून रेत बनते. ह्या द्रवाचा फार मोठा भाग ह्या ग्रंथींचा असतो. शुक्राणूंचा वाटा शेकडा काही अंशच.

येथे आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. बैलाच्या खच्चीकरणात रक्तवाहिन्यांसह सर्व दोरी चिरडली जाते. वृषण सुकतो व संप्रेरक थांबते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत केवळ शुक्रवाहिनी छेदून बांधतात. रक्तवाहिन्या शाबूत राहतात, संप्रेरक पूर्ववत रक्तात उतरते, रेताचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच राहते. आता 'नसबंदी' हा शब्द पाहा. बोलीत 'नस' म्हणजे शीर, स्नायुबंध, मज्जातंतू काहीही. शीर बंद करणे असा अर्थ घेतला, तर तो शब्द माणसाच्या शस्त्रक्रियेपेक्षा बैलाच्या खच्चीकरणालाच अधिक लागू पडतो. ज्याने आयुष्यभर ठेचलेले बैल हाकले, त्याने हा शब्द ऐकून काय समजावे?

शब्दांची ही जबाबदारी ओळखणारा मराठी लेखक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. अवयवाचे नाव उच्चारणे हाच जेथे अपराध, तेथे त्याचे कार्य समजावून सांगणार कसे?

१९५२ साली देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. आधीच संदिग्ध असलेल्या शब्दाला सक्तीचा वास चिकटला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पतीच्या नसबंदीवर विसंबणाऱ्या केवळ ०.३ टक्के. ह्या विषमतेची कारणे अनेक आहेत आणि सर्व दोष एका शब्दावर टाकणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि, पुरुषाची सोपी शस्त्रक्रिया टाळून स्त्रीच्या पोटावरील शस्त्रक्रिया पत्करावी असे घराघरांत ठरते, त्यामागील भीतीत गोठ्यातील अर्थाचा वाटा आहे, असे मानण्यास आधार दिसतो.

ह्याउलट उदाहरणही पुणे जिल्ह्यातच आहे. १९६७ साली मणिभाई देसाई ह्यांनी उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापिली आणि संकरित गाईंच्या पैदाशीस चालना मिळाली. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात रेत साठवितात, एका वळूच्या रेतातून पुष्कळ गाई गाभण राहतात, ही माहिती दूधधंद्याबरोबर गावोगावी पोचली. 'गाय भरविणे' ह्या जुन्या प्रयोगाशेजारी 'कृत्रिम रेतन' हा पंडिती शब्द रुळला. तो कोणास कठीण वाटला नाही, ओंगळही वाटला नाही. कारण शब्दाबरोबर क्रिया दाखविली गेली आणि तिचे फळ गोठ्यात दिसले.

ह्यावरून परिभाषेविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. शब्द संस्कृत आहे की देशी, हा वाद गौण होय. शब्द ज्या क्रियेसाठी योजला ती क्रिया ऐकणाऱ्यास नेमकी कळते की दुसऱ्याच क्रियेची आठवण होते, हे पाहिले पाहिजे. 'शुक्रवाहिनी बांधणे' हा प्रयोग 'नसबंदी'हून लांब आहे खरा. पण काय बांधले आणि काय बांधले नाही, हे तो सांगतो. ज्याच्या देहावर शस्त्र चालावयाचे त्याची संमती ह्या कळण्यावरच अवलंबून असते.