मूक विद्यार्थ्यांचा शोध

'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून 'मूक' हा शब्द तयार झाला. मराठीत त्याला आयताच दुसरा अर्थ मिळाला आणि या अभ्यासक्रमांवरच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मला तोच अधिक खरा वाटत आला आहे. नाव नोंदवून, चकार शब्द न काढता निघून गेलेल्या लाखो विद्यार्थ्यांचं काय झालं, हे शोधणं हेच या संशोधनाचं मुख्य काम राहिलं आहे.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये एक अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे पंचवीस, आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले दोन हजारांवर. 'मूक' हा शब्द त्याच निमित्ताने रूढ झाला. या पहिल्या पर्वातले अभ्यासक सहभागींशी बोलत, त्यांचे अनुभव नोंदवत. एवढ्या गर्दीत माणसं एकमेकांकडून कशी शिकतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. २००८ ते २०१२ या काळातल्या संशोधनाचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात अवघे ४५ लेख होते.

पुढे आकड्यांचं पर्व आलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजारांनी नावं नोंदवली. २०१२ मध्ये एमआयटीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ५५ हजार आले; उत्तीर्ण झाले ७,१५७. आता विद्यार्थ्याची प्रत्येक क्लिक साठवली जात होती. मुलाखतींची जागा नोंदींच्या डोंगराने घेतली, आणि सगळीकडे एकच शब्द ऐकू येऊ लागला : गळती.

हा शब्द शाळेतून उचललेला. शाळा सोडणाऱ्या मुलामागे बहुधा काही सक्ती असते. इथे नाव नोंदवायला पैसाही लागत नव्हता. रेने किझिलचेक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांचे चार गट पाडले : पूर्ण करणारे, परीक्षा न देता फक्त ऐकणारे, मध्येच सुटणारे आणि चव घेऊन जाणारे. त्यामुळे प्रत्येक जाणारा नापास मानता येईना. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आलेल्या पाहणीने मात्र वेगळाच धक्का दिला. पाहणीतले पाचांपैकी चारांहून अधिक जण आधीच पदवीधर होते. भारत, चीन, ब्राझीलसारख्या देशांत तर जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी सर्वांत श्रीमंत व सुशिक्षित ६ टक्क्यांतले होते. ज्यांच्यासाठी दार उघडलं, ते बाहेरच होते.

२०१५ मध्ये जस्टिन राइक यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं, की कोण किती क्लिक करतो हे कळलं, पण कोण काय शिकला हे कळलं नाही. मग प्रयोगांकडे वळण लागलं. विद्यार्थ्याला सुरुवातीला छोटं लेखन करायला लावलं, तर विकसनशील देशांतले विद्यार्थी जास्त टिकतात, असं २०१७ मध्ये दिसलं. सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत व अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर असे उपाय तपासले, तेव्हा २०२० मध्ये निष्कर्ष आला, की ते सरसकट लागू पडत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाची पार्श्वभूमी जुनी आहे. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभं राहिलं, ते वर्गापर्यंत न पोचणाऱ्यांसाठीच. पवईच्या आयआयटीत दीपक फाटक यांनी दूरस्थ कार्यशाळांतून हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. २०१३ मध्ये ही संस्था एडएक्समध्ये सामील झाली. तिथल्याच सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यार्थिकेंद्री मूकचा आराखडा मांडला. व्हिडिओ मध्येच थांबवून विद्यार्थ्याला विचार करायला, उत्तर लिहायला लावणं हा त्यातला एक साधा घटक. विद्यार्थी का गेला, यापेक्षा आपण त्याला बोलतं केलं का, हा प्रश्न इथे शिक्षकाला विचारला गेला. मला हे वळण सर्वांत मोलाचं वाटतं.

दरम्यान सरकारचं 'स्वयम्' २०१७ मध्ये सुरू झालं. विद्यापीठांना अशा अभ्यासक्रमांतून आधी २० टक्के आणि २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा मिळाली. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन बसावं लागतं. श्रेयांक आल्यावर पूर्ण करणारे वाढले, तरी त्यातले जिज्ञासू किती आणि गरजू किती, हे त्या वाढीवरून कळत नाही.

मी भिवंडीजवळ वडप्याला राहतो. महामार्गाकडेने गोदामांच्या रांगा आहेत. तिथे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक खोक्याची नोंद होते; खोक्यातली वस्तू कुणाच्या काय उपयोगी पडली, हे त्या नोंदीत नसतं. मूकचं संशोधन बराच काळ अशाच नोंदवहीवर चाललं. त्याच गोदामांत पाळीवर काम करणारी, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं आहेत. त्यांच्या हातात मोबाइल आहे, डेटाही आहे. पण यातले बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत असतात, म्हणून ती नावच नोंदवत नाहीत. नाव नोंदवलं नाही, तर गळतीच्या आकड्यातही ती येत नाहीत. खरे मूक विद्यार्थी तेच. पुढचं संशोधन त्यांना शोधायला निघायचं, तर सर्व्हरवरच्या नोंदी पुरणार नाहीत; पहिल्या पर्वातल्या अभ्यासकांसारखं पुन्हा माणसांशी बोलावं लागेल, आणि इथे तरी ते मराठीत बोलावं लागेल.