एकांच्या संख्या व त्यांचे मूळ अवयव

ज्या संख्येतील प्रत्येक अंक १ असतो (उदा., ११, १११, ११११), तीस रेप्युनिट संख्या म्हणतात. १० च्या कोणत्याही घातातून १ वजा करून ९ ने भागल्यास अशी संख्या मिळते. ती लिहिणे अत्यंत सोपे असले, तरी तिचे मूळ अवयव शोधणे हा संख्या सिद्धांतातील अवघड प्रश्न आहे.

दख्खनमध्ये या संख्यांचा परिचय जुना आहे. राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ रचला. आजचा परभणी जिल्हा त्या वेळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. जैन विद्वानांना त्या काळी मिळणाऱ्या राजाश्रयाची साक्ष परभणी येथे सापडलेला, राष्ट्रकूटांचा मांडलिक अरिकेसरी याचा शके ८८८ (इ. स. ९६६) चा ताम्रपट देतो, त्यात सोमदेवसूरी या आचार्यांना दिलेल्या दानाची नोंद आहे. गणितसारसंग्रहात गुणाकाराची काही उदाहरणे अशी योजिली आहेत की, त्यांचे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते. त्यास हाराची उपमा दिली आहे. उदा., १५२२०७ × ७३ = ११११११११ आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. यांपैकी दुसरे उत्तर म्हणजे सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १११,१११ चा वर्ग होय.

हाच गुणाकार उलट विचारला की अवयवांचा प्रश्न उभा राहतो. आठ एकांच्या संख्येचे मूळ अवयव ११, ७३, १०१ व १३७ हे आहेत. एकांची संख्या (म्हणजे किती एक आहेत ती) संयुक्त असेल, तर रेप्युनिटही संयुक्तच असते; परंतु याचा व्यत्यास खरा नाही. ५ ही मूळ संख्या असूनही १११११ = ४१ × २७१. येथे एक नियम उपयोगी पडतो. १/४१ च्या दशांश रूपात ०२४३९ हे पाच अंक पुनःपुन्हा येतात, म्हणून ४१ ने पाच एकांच्या संख्येस निःशेष भाग जातो. यावरून, ३ पेक्षा मोठ्या मूळ संख्येइतके एक असतील, तर प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यास बाकीला त्या संख्येने भाग जातो, असे सिद्ध होते. तथापि सतरा एकांच्या संख्येचा लहान अवयव २०७१७२३ आहे. या नियमाने चाळणी लावूनही त्याच्यापर्यंत साठ हजारांवर उमेदवार उरतात.

विसाव्या शतकात देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी या संख्यांकडे पुन्हा लक्ष वेधले. डोंबिवली स्थानकावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ हे नाव योजिले. १२१, १२३२१ यांसारखे रेप्युनिटांचे वर्ग त्यांच्या अभ्यासात येतात. महावीराचार्यांचा १२३४५६५४३२१ हा हारही त्यांपैकीच होय.

एकाहत्तर एकांच्या संख्येचे अवयव १९८४ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत महासंगणकाच्या साहाय्याने मिळाले. त्यांतील एक ३० अंकी व दुसरा ४१ अंकी आहे. संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविणे मात्र तुलनेने सोपे असते. २, १९, २३, ३१७ व १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. गुणाकार सुलभ आणि अवयव दुर्लभ, या विषमतेवरच १९७७ मध्ये मांडलेली आरएसए ही गुप्तलेखन पद्धती आधारलेली आहे. मूळ रेप्युनिट संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.