वाहनांतर्गत संदेशजालांची सुरक्षा

वाहनांतर्गत संदेशजालांची सुरक्षा : मोटारगाडीचे एंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दारांची कुलुपे इत्यादी अंगांवर अंमल चालविणारे जे लहान संगणक (ईसीयू) गाडीत जागोजागी बसविलेले असतात, त्यांच्यातील संदेशांच्या दळणवळणात परक्याने खोटे संदेश घुसवू नयेत, खरे संदेश अडवू नयेत आणि त्या संगणकांतील आज्ञावली परस्पर बदलू नये, यासाठी केलेल्या तांत्रिक व कायदेशीर बंदोबस्तास ही संज्ञा लावतात. या जालांपैकी सर्वाधिक प्रचलित असलेली ‘कॅन बस’ ही प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विचारात घेतली आहे.

उद्गम : विजेवर चालणारी उपकरणे गाडीत जसजशी वाढत गेली, तसतसा प्रत्येक उपकरणापासून दुसऱ्यापर्यंत स्वतंत्र तार ओढण्याच्या पद्धतीमुळे तारांच्या जुडग्याचे वजन व खर्च दोन्ही असह्य होऊ लागले, तेव्हा जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये सर्व उपकरणांना सामाईक अशा एकाच मार्गाची (कॅन बस) योजना हाती घेतली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे ती अभियंत्यांपुढे मांडली. पुढील वर्षी इंटेल व फिलिप्स यांच्या चकत्या (चिप) बाजारात आल्या आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ या मानकाने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

कार्यपद्धती : एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक आणि सेकंदाला जास्तीत जास्त १० लाख बिटांचा वेग, एवढीच या जालाची बाह्य सामग्री. संदेशात फार तर ८ बाइट मजकूर मावतो. त्यावर पाठविणाऱ्याचे नाव नसते, घेणाऱ्याचेही नसते, तर विषय दर्शविणारा ११ बिटांचा (विस्तारित रूपात २९ बिटांचा) क्रमांक तेवढा असतो. गावात दवंडी पिटली की ती सर्वांच्या कानी पडावी आणि ज्याचे ज्याच्याशी काम त्याने ते उचलावे, तशी ही रीत आहे. दोन ईसीयू एकाच क्षणी बोलू लागल्यास ज्याचा क्रमांक लहान त्याचा संदेश अखंड पुढे जातो व दुसरा आपण होऊन थांबतो, त्यामुळे निकडीच्या संदेशाचा खोळंबा होत नाही. संदेश बिघडल्याचे एकाही ईसीयूला आढळले, तरी तो सर्वांसाठी रद्द केला जातो. आणि ज्याच्या हातून वारंवार चुका घडतात, त्याचा चूकगणक २५५ च्या पुढे गेला की तो ईसीयू स्वतःलाच जालाबाहेर काढतो.

मूलभूत उणीव : या सर्व तरतुदी विद्युत्‌गोंगाट, उष्णता, ओल, झिजलेली तार अशा शत्रूंविरुद्ध केलेल्या होत्या, की ज्यांना हेतू नसतो. हेतू असलेला शत्रू समोर आला की गुणांचेच दोष होतात. प्रेषकाची शहानिशा होत नसल्याने कोणताही ईसीयू दुसऱ्या कोणाच्याही क्रमांकाने बोलू शकतो. लहान क्रमांकास अग्रहक्क असल्याने तसल्या संदेशांचा भडिमार करून इतरांची वाचा बंद करता येते. आणि मिशिगन विद्यापीठातील चो व शिन यांनी २०१६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एखाद्या निर्दोष ईसीयूच्या संदेशावर नेमक्या त्याच क्षणी आपला संदेश आदळवीत राहिल्यास त्याचा चूकगणक चढत जाऊन तो बिचारा बहिष्कृत होतो. संदेशासोबतचा १५ बिटांचा पडताळा-अंक केवळ मजकूर अभंग असल्याची ग्वाही देतो. तो कोणालाही गणिताने काढता येत असल्यामुळे खोट्या संदेशासही तितकाच शोभतो.

प्रवेशमार्ग व प्रमुख घटना : बंद पत्र्याच्या आत परका पोहोचणारच नाही, हे मूळ गृहीतक तपासणीसाठी ठेवलेल्या ओबीडी जोडणीने (अमेरिकेत १९९६ च्या वाहनांपासून सक्तीची) आणि नंतर ब्लूटूथ व मोबाईल जोडणीने खोटे ठरविले. वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया (सॅन डिएगो) या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१० मध्ये ओबीडी जोडणीतून ब्रेकवर ताबा मिळवून दाखविला, तेव्हा गाडीत शिरल्यावाचून हे अशक्य असल्याचा आक्षेप निघाला. पुढील वर्षी त्यांनी सीडीवरील ध्वनिफीत, ब्लूटूथ व दूरध्वनी या मार्गांनी तेच करून त्याचे निरसन केले. २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकी गाडीच्या मनोरंजन-यंत्रणेत मोबाईल जालावरून शिरकाव केला, तेथील एका चकतीची आज्ञावली बदलली आणि तीमार्फत कॅन बस गाठून महामार्गावर धावत्या गाडीची गती दुरून खुंटविली; परिणामी फियाट क्रायस्लर कंपनीस सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. चोरांनी तर याहून सोपी वाट काढली : २०२३ मध्ये उजेडात आलेल्या पद्धतीत टोयोटा रॅव्ह-४ गाडीच्या पुढील दिव्यामागची जोडणी उघडी करून, ब्लूटूथ स्पीकरच्या कवचात दडविलेल्या यंत्राद्वारे ‘किल्ली पटली आहे’ असा खोटा संदेश जालात सोडला जाई.

उपाय : पहिला उपाय विभागणीचा. मनोरंजनाचे व ब्रेकचे जाल वेगळे ठेवून मध्ये गेटवे नावाचा ईसीयू बसवितात व परवानगी असलेले संदेशच त्यातून पलीकडे जाऊ देतात. दुसरा उपाय प्रमाणीकरणाचा. ऑटोसार या उद्योगसंस्थेच्या ‘सेकओसी’ पद्धतीत गुप्त किल्लीने काढलेला प्रमाण-संकेत आणि जुना संदेश पुन्हा वापरता येऊ नये म्हणून बदलता अंक प्रत्येक संदेशास जोडतात. तथापि तिच्या एका प्रचलित आराखड्यात यांस अनुक्रमे २४ व ८ बिट लागत असल्याने ८ बाइटांच्या संदेशात मजकुरास निम्मीच जागा उरते, आणि म्हणून ६४ बाइट वाहणारी ‘कॅन एफडी’ ही सुधारित आवृत्ती येथे अधिक सोयीची ठरते. यांखेरीज गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-चकती, स्वाक्षरी तपासूनच नवी आज्ञावली स्वीकारणे आणि संदेशांच्या नित्याच्या लयीतील फरक हेरणारे पहारा-तंत्र, हे उपाय योजले जातात.

विधिनियम : संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्र. १५५ ने (जानेवारी २०२१ पासून अंमल) सुरक्षेची जबाबदारी वाहनाच्या विक्रीनंतरही उत्पादकावर ठेवली असून, यूरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना तो बंधनकारक आहे. अभियांत्रिकी कार्यपद्धती आयएसओ/एसएई २१४३४ (२०२१) या मानकात ग्रथित आहे. भारतात विनियम क्र. १५५ च्या धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक आखण्यात आले.

या बंदोबस्ताची किंमत दुरुस्तीच्या वेळी प्रत्ययास येते. पूर्वी निकामी ईसीयू काढून दुसरा जोडला की काम भागे. प्रमाणीकृत जालात मात्र नव्या ईसीयूस गुप्त किल्ली मिळेपर्यंत इतर ईसीयू त्याचा संदेश मानीत नाहीत, आणि ती किल्ली देण्याचा अधिकार उत्पादकाकडे असतो. त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्यास ही मुभा कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न सुरक्षाशास्त्राइतकाच व्यापाराच्या न्यायाचाही झाला आहे.