एका बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे आणि जळकोटचा ग्रंथपाल

१/१२
लातूर जिल्ह्यातील जळकोट १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. त्यापूर्वी ते उदगीर तालुक्यात होते, आणि १९५६ पर्यंत उदगीर तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. या भागातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याला आज ज्या अडचणी भेडसावतात, त्यांची मुळे शोधताना त्या जुन्या जिल्ह्यापर्यंत मागे जावे लागते.

२/१२
मुळात प्रारंभच विषम होता. मुंबई इलाख्यात रत्नागिरीला १८२८, अहमदनगरला १८३८ आणि नाशिकला १८४० मध्ये सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. मराठवाड्यातील जुन्या संस्थांपैकी परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे आणि औरंगाबादचे बलवंत वाचनालय १९२१ चे. हे अंतर साठ वर्षांहून अधिक आहे.

३/१२
निजामाच्या राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा राज्यात देशी भाषेतील वाचनालय हे पुस्तकांचे कपाट तर होतेच, शिवाय भाषेचे आश्रयस्थानही होते.

४/१२
म्हणूनच १९०१ मध्ये हैदराबादेत तेलुगू भाषकांनी ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम’ स्थापन केले. त्यामागील एक प्रमुख नाव कोमर्राजू लक्ष्मणराव. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले होते आणि मराठी त्यांना उत्तम अवगत होती. पुढे १९२२ मध्ये त्याच शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. ही सारी उभारणी लोकांच्या वर्गणीवर आणि श्रमावर झाली.

५/१२
संस्थानी राजवट म्हणजे ग्रंथालयांचा अभाव, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले, स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले आणि पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदाही केला. प्रश्न राज्यकर्त्यांच्या इच्छेचा होता.

६/१२
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांहूनही कमी होती. तरीही या राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. स्वतंत्र भारतात मद्रासने १९४८ मध्ये असा कायदा केल्यानंतर हे मोठे पाऊल होते. पण पुढच्याच वर्षी राज्यच विसर्जित झाले.

७/१२
१ नोव्हेंबर १९५६. बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतांश भाग आंध्र प्रदेशात गेला. खुद्द बिदर आणि भालकी म्हैसूर राज्यात राहिले. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेली गावे आता तीन राज्यांच्या तीन कायद्यांखाली येणार होती.

८/१२
आंध्र प्रदेशचा ग्रंथालय कायदा १९६० चा, म्हैसूरचा १९६५ चा. दोन्हींनी स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवला आणि ग्रंथालय चालवणे हे शासकीय यंत्रणेचे काम ठरवले. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात उपकर टाळला. येथे ग्रंथालय लोकांच्या संस्थेचे असते. शासन त्यास मान्यता देते आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा दर्जानुसार अनुदान देते.

९/१२
या निर्णयामागे परंपरा होती. १९३९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीनेही राज्यापासून गावापर्यंतच्या ग्रंथालयांची टप्प्याटप्प्याची योजना आखली होती. पुणे, नाशिक, रत्नागिरीकडे तोवर शतकभर जुन्या संस्था, इमारती, देणगीदार आणि सभासद होते. मराठवाड्यातील लहान गावांकडे यातले फारच थोडे होते. कायदा सर्वांना सारखा लागू झाला. त्याने गृहीत धरलेली लोकवर्गणी सर्वत्र सारखी नव्हती.

१०/१२
परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्यानंतर ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपयांवर गेले. यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर महिन्याला २,००० रुपये होतात. तेवढ्या मोबदल्यात दाखल नोंदवही, वर्गीकरण, देवघेव, वार्षिक अहवाल, हिशेब तपासणीची तयारी, वाळवीपासून पुस्तकांचे रक्षण आणि झाडलोट ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते.

११/१२
वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा विचार प्रभा राव समितीने केला, पुढे व्यंकप्पा पत्की समितीनेही केला. कर्मचाऱ्यांची मागणी मात्र आजही तीच आहे. उपकराचा मार्गही निष्कंटक नाही: वसूल झालेला उपकर स्थानिक संस्थांकडून ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही सीमेपलीकडची जुनी तक्रार. पण तिकडे निदान थकबाकी मागता येते, कारण त्या पैशावरचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

१२/१२
दरम्यान वाचकही बदलला. कादंबरी मागणाऱ्यांपेक्षा स्पर्धा परीक्षेसाठी शांत जागा, वीज आणि इंटरनेट मागणारे तरुण वाढले. १९३१ मध्ये रंगनाथनांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयास वाढती, सजीव संस्था मानते. जळकोटसारख्या ठिकाणी ती वाढ पूर्णवेळ, पुरेशा वेतनाच्या ग्रंथपालावाचून होणे कठीण आहे. त्याच्या वेतनाची हमी कोणी घ्यायची, हा १९६७ मध्ये मोकळा राहिलेला प्रश्न अजूनही विधिमंडळाच्याच हाती आहे.